ऑफर बघून पिशवी भरू नका, आधी किलोचा भाव काढा! चिंचोळी एमआयडीसी परिसरातल्या घरांसाठी किराणा बचतीचं साधं गणित

मोहोळ : पगाराचा आठवडा आला की मोबाईलवर मेसेजचा पाऊस सुरू होतो. कुठे ‘महाबचत’, कुठे ‘एकावर एक फ्री’, कुठे ‘आज रात्री 12 पर्यंतच’. सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारी चिंचोळी, पाकणी, कोंडी, लांबोटी, सावळेश्वर भागातली हजारो घरं याच आठवड्यात महिन्याचा किराणा भरतात. दुकानदारांना, मॉलवाल्यांना आणि ॲपवाल्यांनाही हे पक्कं माहीत असतं. म्हणूनच ऑफर महिन्याच्या 25 तारखेला फारशा दिसत नाहीत, हातात पैसा असतो तेव्हाच येतात.

या ऑफरमध्ये खरंच पैसे वाचतात का? वाचतात, पण सगळ्यांचे नाही आणि दर वेळी नाही. हिशोब करून घेणाऱ्याचे वाचतात. बोर्ड बघून घेणाऱ्याचे उलट जास्त जातात, आणि महिनाअखेरीला पुन्हा गावातल्या दुकानात उधारीची वही उघडावी लागते. हा हिशोब कसा करायचा ते पुढे एकेक करून दिलं आहे. उदाहरणातले भाव फक्त समजण्यापुरते धरलेले आहेत, आपल्या दुकानातला चालू भाव टाकून गणित करावं.

एमआरपीवर सूट म्हणजे काय?

एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. त्याच्या वर कुणी विकू शकत नाही, खाली कितीही विकू शकतो. त्यामुळे ‘एमआरपीवर 20 टक्के सूट’ एवढ्यावरून माल स्वस्त आहे असं ठरत नाही. बऱ्याच वस्तूंची एमआरपी मुळातच वर ठेवलेली असते आणि गावातला दुकानदारसुद्धा ती वस्तू रोजच एमआरपीपेक्षा कमीला देतो. समजा डाळीच्या एक किलोच्या पाकिटावर एमआरपी 200 आहे. मॉल 20 टक्के सूट देऊन ते 160 ला देतो. पण गावातल्या दुकानात तशीच डाळ नेहमी 150 ला मिळत असेल, तर ही सूट कसली? त्यामुळे तुलना एमआरपीशी करू नये, मागच्या महिन्यात आपण प्रत्यक्षात किती दिले त्याच्याशी करावी.

इथे कराचाही एक मुद्दा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. बिस्किटं, फरसाण, तूप, लोणी यांवरचा करही 5 टक्के झाला. हिशोब असा : 18 टक्के कर धरून जी वस्तू 118 रुपयांना होती, ती 5 टक्के करानं 105 ला यायला हवी. म्हणजे साधारण 11 टक्के घट ही नुसती कराची आहे. जुन्या एमआरपीचा साबण ‘10 टक्के सूट’ म्हणून कुणी देत असेल, तर त्यानं आपल्या खिशातून काहीच दिलेलं नाही.

पाकिटावरचा बारीक आकडा वाचा

पॅकबंद मालाच्या नियमात 2021 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार कंपनीला एमआरपीबरोबर एका मापाचा भावही छापावा लागतो. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर एका ग्रॅमचा आणि एक किलोपेक्षा जास्त असेल तर एका किलोचा भाव असतो. तेल, शाम्पू अशा पातळ वस्तूंना मिलीलिटर किंवा लिटरप्रमाणे. अक्षर बारीक असतं, पण एमआरपीच्या आसपास शोधलं की सापडतं.

हा आकडा का लागतो? कारण त्याच दुरुस्तीनंतर ठराविक वजनाचीच पाकिटं काढायचं बंधन उरलेलं नाही. कंपनी 900 ग्रॅम, 850 ग्रॅम, 430 ग्रॅम असं कुठलंही पाकीट काढू शकते. बाहेरून पाकीट तेवढंच दिसतं, किंमतही तीच राहते, आत माल कमी. पाच-दहा रुपयांच्या बिस्किट-फरसाणच्या पुड्यांत हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

गणित अवघड नाही. 450 ग्रॅमचं पाकीट 90 रुपयांना म्हणजे ग्रॅमला 20 पैसे, किलोला 200 रुपये. 800 ग्रॅमचं 168 ला म्हणजे ग्रॅमला 21 पैसे, किलोला 210. म्हणजे ‘फॅमिली पॅक’ इथे महाग पडला. मोठं पाकीट स्वस्तच असतं हा समज दर वेळी खरा ठरत नाही. शाम्पूत तर अनेकदा एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच. किमतीला ग्रॅमनं भागायचं आणि हजारानं गुणायचं, झाला किलोचा भाव.

तेलाचा डबा : 15 किलो की 15 लिटर?

किराण्यात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खाद्यतेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल बसतं साडेतेरा किलोच्या आसपास. 15 किलोच्या डब्यापेक्षा हे जवळपास 1 किलो 350 ग्रॅमनं कमी. तेल 140 रुपये किलो धरलं तर हा फरक होतो 189 रुपयांचा.

आता समजा एका दुकानात 15 किलोचा डबा 2,100 ला आहे आणि दुसरीकडे 15 लिटरचा ‘ऑफरमध्ये’ 1,990 ला. दिसायला 110 रुपये वाचले. पण किलोचा भाव काढला तर पहिला पडतो 140 ला आणि दुसरा जवळपास 146 ला. ऑफरचा डबा महाग निघाला! पिशवीतल्या तेलाचंही तसंच. ‘एक पिशवी’ म्हणून भाव विचारू नये. पिशवी 1 लिटरची, 910 ग्रॅमची, 850 ची की 750 ची, हे आधी बघावं.

कुपनच्या अटी शेवटपर्यंत वाचा

कुपन ही जुनी युक्ती आहे. 1880 च्या दशकात अमेरिकेत कोका-कोलानं एक ग्लास फुकट मिळण्याच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. हेतू एवढाच की लोकांनी एकदा चव घ्यावी आणि नंतर पैसे देऊन प्यावं. आजच्या मोबाईलवरच्या कोडचा हेतू वेगळा नाही. गिऱ्हाईक एकदा ॲपवर यावं, त्याला सवय लागावी आणि त्यानं ठरवल्यापेक्षा थोडं जास्त घ्यावं.

अशा कुपनमध्ये तीन शब्द शोधायचे : ‘पर्यंत’, ‘कमाल’ आणि ‘किमान’. ‘50 टक्क्यांपर्यंत सूट, कमाल 75 रुपये, किमान खरेदी 499’ असं कुपन घेऊ. घराला गरज आहे 380 रुपयांच्या सामानाची. कुपन लागावं म्हणून आणखी 119 रुपयांचं सामान टाकलं, बिल झालं 499. त्यातून 75 वजा, राहिले 424. घरपोच देण्याचे 30 रुपये धरले तर गेले 454. म्हणजे 380 मध्ये भागणाऱ्या घरातून 74 रुपये जास्त गेले. ते 119 रुपयांचं सामान पुढच्या आठवड्यात लागणारच होतं, मीठ-साबण-चहापत्ती असं, तर 45 रुपये वाचले. चिप्स आणि कोल्ड्रिंक असेल तर काहीच वाचलं नाही.

‘एकावर एक फ्री’ घेताना दोन्ही वस्तू घरात संपणार का आणि तारीख कुठली आहे, हे बघावं. तारीख जवळ आलेला माल सेलमध्ये काढण्याची पद्धत सगळीकडे आहे. तो घेऊच नये असं नाही, पण आठवडाभरात संपेल तेवढाच घ्यावा. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर त्या तारखेनंतर चव-दर्जा उतरू शकतो असा अर्थ. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलेलं असेल तर त्या तारखेनंतर वस्तू खाऊच नये.

ॲपवर ‘फक्त 5 मिनिटं शिल्लक’ असं घड्याळ दाखवून घाई करणं, न मागता वस्तू टोपलीत टाकणं, शेवटच्या पानावर छुपा आकार लावणं या युक्त्यांना केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये नियमावली काढून मनाई केली आहे. तरी पैसे भरायच्या आधी टोपली एकदा वरपासून खालपर्यंत बघावीच.

सोलापूरला जाणं परवडतं का?

मॉलसाठी सोलापूर गाठायचं तर जाण्या-येण्याचा खर्चही बिलात धरावा लागतो. एका बाजूनं 20 किलोमीटर, गाडीचं ॲव्हरेज 50 आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर जाऊन-येऊन 84 रुपये. 1,000 रुपयांच्या खरेदीवर 10 टक्के वाचले तर हातात उरले 16 रुपये. 4,000 च्या खरेदीवर वाचले 400, पेट्रोल जाऊन उरले 316. म्हणून जायचं तर महिन्यातून एकदाच, यादी करून आणि दुसरं काही काम असेल त्याच दिवशी. शेजारचं घर सोबत असेल तर खर्च निम्मा. जाताना घरातली कापडी पिशवी न्यावी, तिथं पिशवीचेही पैसे लागतात.

सुट्टं धान्य आणि हंगामाचा भाव

जुलै 2022 पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पीठ यांवर 5 टक्के जीएसटी आहे. 25 किलोपेक्षा मोठ्या पोत्यावर आणि सुट्ट्या मालावर तो नाही. त्यामुळे त्याच प्रतीची डाळ सुट्टी घेतली तर सहसा स्वस्त पडते. माल हातात घेऊन बघता येतो, हवा तेवढाच घेता येतो. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का आणि वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का, एवढं बघावं.

खरा सेल मात्र शेतात लागतो. हा ज्वारीचा जिल्हा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि घरोघरी माहीत असलेलं मालदांडी 35-1 हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रातलं. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते, गहू आणि लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर. आवक जास्त असते तेव्हा भाव बहुतेक वेळा खाली असतो. आजी-पणजीच्या काळात याच दिवसांत वर्षाची बेगमी व्हायची, त्यामागे हाच हिशोब होता.

महिन्याला 20 किलो ज्वारी लागणाऱ्या घरानं हंगामात एक क्विंटल घेतली तर पाच महिने बघायला नको. किलोमागे 8 रुपयांचा फरक पडला तरी 800 रुपये वाचतात. एवढी सूट कुठल्या कुपनात मिळत नाही. धान्य कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर कोठीत भरावं, नाहीतर किडीनं वाचवलेलं सगळं जाईल.

हक्काचं आहे ते आधी घ्या

रेशनचं धान्य हीच सगळ्यात मोठी सवलत. अन्न सुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. चार माणसांच्या प्राधान्य कार्डाला महिन्याला 20 किलो. बाजारात हेच घ्यायला गेलं तर किती पैसे पडतील ते ज्यानं त्यानं मोजावं.

एमआयडीसीत बाहेरगावाहून, परराज्यातून आलेल्या कामगारांसाठी एक गोष्ट फार कामाची आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत आपल्या गावाकडचं कार्ड इथल्या रेशन दुकानात चालतं. आधार जोडलेलं असलं की अंगठा लावून इथं आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं आणि गावाकडचं कुटुंब उरलेलं तिकडे घेऊ शकतं. याची माहिती आणि तक्रार 14445 या टोल फ्री नंबरवर करता येते. कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी झालेली आहे का, हेही बघून घ्यावं.

दुसरं हक्काचं कुपन म्हणजे सभासदाची साखर. सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. अनेक सहकारी कारखाने दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतात. घरात आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर शेअर असेल तर कार्ड कुठे आहे, वारस नोंद झाली आहे का, साखर उचलायची शेवटची तारीख कुठली, हे विचारावं.

रोखीचा भाव आणि उधारीचा भाव

गावातलं किराणा दुकान अडीनडीला उपयोगी पडतं. पगार लांबला तरी तो माणूस पोत्याला हात लावू देतो, हे मॉल करत नाही. त्यामुळे त्याला सोडून जावं असं नाही. पण उधारीच्या गिऱ्हाईकाला भाव करता येत नाही, हे तितकंच खरं. दुकानदाराचा पैसा महिनाभर अडकतो, तो कुठून तरी वसूल होणारच. रोख देऊन, यादी एकदम देऊन ‘रोखीचा भाव काय लावता?’ असं सरळ विचारलं तर बरेच दुकानदार कमी करतात. महिन्याच्या 5,000 च्या किराण्यावर 4 टक्के सुटले तरी 200 रुपये, वर्षाला 2,400.

अडचण एकच, हातात रोख हवी. म्हणून इकडून-तिकडून वाचलेले पैसे पुन्हा खर्चात जाऊ न देता वेगळे ठेवणं महत्त्वाचं. महिन्याला 500 बाजूला पडले तर दहा महिन्यांत 5,000 होतात. म्हणजे एका महिन्याचा किराणा आपल्याच पैशातून. तिथून पुढे उधारीची गरज राहत नाही आणि हंगामात ज्वारीचं पोतं घेण्याची ताकदही येते.

एकट्याला पोतं जड वाटत असेल तर बचत गट आहेच. साखरेचं 50 किलोचं पोतं, तांदळाचं 30 किलोचं, तेलाचा 15 किलोचा डबा पाच-सहा घरांनी मिळून घेतला तर ठोकचा भाव मिळतो. वाटून घेताना वजन सगळ्यांसमोर करावं आणि पैसे आधी गोळा करावेत, म्हणजे गटात कुरबुर होत नाही.

व्हॉट्सॲपवरची फुकट कुपनं : लिंक उघडू नका

‘अमुक सुपरमार्केटचा वर्धापनदिन, 2,500 चं व्हाऊचर मोफत, 10 ग्रुपवर पाठवा’ असे मेसेज दर सणाला फिरतात. ते बनावट असतात. खरं दुकान कधी दहा ग्रुपवर पाठवायला सांगत नाही. सरकारी शिध्याच्या नावानंही लिंक येऊ शकतात. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ दिला होता. 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. तो मिळाला रेशन दुकानातच, कुठल्याही लिंकवर नाही.

एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कॅशबॅक घ्यायला पिन टाका म्हटलं की समजायचं, पैसे जाणार आहेत. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होते तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, वजन कमी भरलं, जाहिरातीतली सूट बिलात दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर मराठीतूनही तक्रार करता येते. त्यासाठी बिल हवं, म्हणून बिल मागून घ्यावं आणि त्याचा फोटो काढून ठेवावा.

पुढच्या पगाराआधी एवढं करा

- घरात सगळ्यात जास्त लागणाऱ्या दहा वस्तू वहीत लिहा. तेल, साखर, डाळ, तांदूळ, चहा, साबण वगैरे.
- प्रत्येकीपुढे मागच्या वेळचा किलोचा किंवा लिटरचा भाव लिहा.
- ऑफर आली की त्या वहीशी ताडून बघा. भाव वहीपेक्षा कमी असेल आणि वस्तू यादीत असेल तरच घ्या.
- जेवढे वाचले तेवढे त्याच दिवशी डब्यात किंवा गटाच्या खात्यात टाका.

दोन-तीन महिने ही वही चालवली की कुठल्या दुकानात काय स्वस्त हे घरातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. दुकानदाराकडे आपल्या नावाची उधारीची वही असतेच. तिच्यावर नजर ठेवायला घरातही एक वही असलेली बरी.